हौसेची नोंद

मोटारप्रेमींच्या बैठकीत येऊ घातलेल्या मॉडेलांच्या अफवांना तोटा नसतो. त्यांत कुणाचे नुकसानही नाही. सॉफ्टवेअर अपडेटचे कौतुक मात्र साधार आहे. 2018 साली अमेरिकेत टेस्लाच्या ‘मॉडेल 3’चे ताशी 60 मैल वेगावरून थांबण्याचे अंतर केवळ अपडेटमुळे 152 फुटांवरून 133 फुटांवर आले. तो बदल स्वतः उत्पादकाने केला होता. बाहेरून बसवलेल्या सुट्या भागांची गोष्ट निराळी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हेच बजावले. सीएनजी किट बसवण्यास मुभा आहे, पण त्याची नोंद आरसीवर हवी. ती राहून गेल्यास अपघातानंतर विम्याचा दावा अडू शकतो, हप्ते वेळेवर भरलेले असले तरी.