जामिनासोबत औषधाचेही बघा

तळेगाव (श्यामजी पंत) असो की आष्टी तालुक्यातले दुसरे कुठले गाव, वस्तीतला पोरगा अटकेत गेला की आपण कार्यकर्ते वकील शोधतो, जामीनदार शोधतो, वर्ध्याच्या चकरा मारतो. त्याच्या तब्येतीची चौकशी बहुधा राहून जाते. गुप्तरोगाचा विषय तर लाजेपोटी कोणी काढतच नाही.

विषय मात्र आपल्या घरचा आहे. देशातले सुमारे तीन चतुर्थांश कैदी कच्चे कैदी आहेत, म्हणजे गुन्हा सिद्ध न झालेले. त्यांत अनुसूचित जातींचा वाटा सुमारे एक पंचमांश, लोकसंख्येतल्या वाट्याहून जास्त. यातले बहुतेक आज ना उद्या घरी येतात. आत न तपासलेला आजार मग बायकोला आणि ती गरोदर असेल तर पोटातल्या बाळालाही होऊ शकतो.

गरमीचेच घ्या. सुरुवातीला न दुखणारी जखम होते, काही आठवड्यांत आपोआप भरते. माणसाला वाटते, गेले दुखणे. रोग शरीरातच असतो. साध्या रक्ततपासणीत तो सापडतो आणि सुरुवातीलाच सापडला तर बेन्झाथिन पेनिसिलिनचे एक इंजेक्शन पुरते. जोडीदाराची तपासणी झाली नाही तर मात्र तो परत लागू शकतो.

एचआयव्हीबाबत कायदा स्पष्ट आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम ३१ नुसार सरकारच्या ताब्यातल्या प्रत्येकाला प्रतिबंध, समुपदेशन, तपासणी आणि उपचाराचा हक्क आहे. यात कच्चे कैदीही आले. न्यायालयाच्या आदेशासारखे मोजके अपवाद सोडले तर तपासणी संमतीनेच व्हायला हवी. अहवाल बराकीत फोडणे हा गैरप्रकारच.

निरोधचा प्रश्न जुना आहे. १९९४ साली तिहारमध्ये निरोध द्यायला प्रशासनाने नकार दिला. तेव्हा एड्स भेदभाव विरोधी आंदोलन ही संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि कलम ३७७ लाच तिने आव्हान दिले. आत असे काही घडतच नाही, हे सोंग आजही चालते. जबरदस्तीही होते. तसे झाले तर एचआयव्ही रोखणारी औषधे ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी बरी, सुरू करावी लागतात. भीतीने गप्प बसलेल्या पोराचे हे तास निघून जातात.

आमच्या मते खरी गळती सुटकेच्या दिवशी होते. जामीन संध्याकाळी मिळतो, पोरगा मिळेल त्या गाडीने गावी येतो आणि एआरटीच्या गोळ्या, उपचाराचे कागद आतच राहतात. गोळ्यांत खंड पडला की विषाणू पुन्हा वाढतो, औषधाला दाद न देण्याचा धोकाही असतो. म्हणून भेटीला जाल तेव्हा त्याला एकट्यालाच हळू विचारा : तपासणी झाली का, औषध चालू आहे का? काय आजार आहे ते सांगायचे की नाही, हे त्याचे त्याला ठरवू द्या. सुटताना कागद आणि काही दिवसांच्या गोळ्या मागून घ्यायला सांगा. पुढची सोय सरकारी रुग्णालयातल्या एआरटी केंद्रात आणि सुरक्षा क्लिनिकमध्ये मोफत होते. जवळचे केंद्र विचारायला १०९७ हा मोफत क्रमांक आहे.