धन्यासच अडविणारा पहारेकरी

गतवर्षीं जालन्यास आमची जुनी मारुती ८०० एकाएकीं सुरू होईना. दिवे लख्ख लागत, म्हणजे बॅटरी ठीक होती. पण किल्ली फिरविली तरी स्टार्टर हूं कीं चूं करीना. दोष निघाला तो पूर्वीच्या मालकानें बाजारांतून बसविलेल्या अलार्मचा.

ही गाडी १९८३ सालीं निघाली व २०१४ पर्यंत तयार होत असे. चोरीच्या भयानें पुष्कळ मालक तीस असा अलार्म बसवीत. त्यासाठीं स्टार्टरची मूळ तार तोडून तिचीं दोन टोकें रिले नामक विजेच्या कळेस जोडीत. यंत्र बिघडलें म्हणजे ही कळ जुळत नाहीं, आणि पहारेकरी धन्यासच चोर समजतो.

अशा वेळीं नुसती पेटी उपटून भागत नाहीं. मूळ तार तुटलेलीच राहते. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडावी. नंतर डॅशबोर्डाखालीं रिले शोधून मूळ तारेचीं टोकें मीटरनें ओळखावीं, डाख देऊन जोडावीं व वर टेप गुंडाळावी. केवळ रंग पाहून एकही तार कापूं नये. आमची गाडी याच रीतीनें सुरू झाली. नव्या गाड्यांतील कारखान्याचा इमोबिलायझर मात्र इंजिनाच्या संगणकाशीं निगडित असतो. तेथें हा उपाय चालत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, कोणतीही वस्तु काढण्यापूर्वीं ती कशी जोडली होती, हें आधीं समजून घ्यावें.