प्रोसेसरचा कूलर: ऐकलेलं आणि खरं

लॅमिंग्टन रोड असो की पुण्यातली बुधवार पेठ, कॉम्प्युटर असेंबल करून घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाचा सगळा जीव ग्राफिक्स कार्डात अडकलेला असतो. प्रोसेसर, रॅम, एसएसडी यांची घासाघीस झाली की उरल्यासुरल्या पैशांत कूलर बसवायचा. मग काउंटरच्या दोन्ही बाजूंनी सल्ले सुरू होतात: ‘मोठाच घ्या’, ‘लिक्विडशिवाय भागणार नाही’, ‘बॉक्समधला चालतोय की’. यातलं प्रत्येक वाक्य कुणाच्या ना कुणाच्या मशिनला लागू पडतं. आपल्या मशिनला पडेल का, हे ठरवायचं तर कूलर नेमकं काय करतो ते आधी पाहायला हवं.

तो थंडावा तयार करत नाही. एसीत कॉम्प्रेसर असतो, इथे तसलं काही नाही. हीटसिंक आणि पंखा मिळून प्रोसेसरची उष्णता हवेत नेऊन टाकतात, एवढंच काम. त्यामुळे प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही, आणि कूलर किती चांगला हे त्या दोन तापमानांमधल्या फरकावरून कळतं. समजा, २५ अंशांच्या खोलीत पूर्ण लोडवर तुमचा प्रोसेसर ७० अंशांवर स्थिरावतो; फरक ४५चा. तेच मशिन मे महिन्यात नागपूरला ३८ अंशांच्या खोलीत चालवलं, तर आकडा ८३च्या आसपास जाईल. कूलर बिघडलेला नाही, त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली पेस्टही सुकलेली नाही. परदेशी यूट्यूबरला ६५ आले आणि आपल्याला ८० येतात म्हणून कूलर परत करायला निघालेल्यांनी आधी त्याच्या खोलीत किती अंश होते ते पाहावं. नीट चाचणी घेणारे खोलीचं तापमान वजा करून आकडे देतात, ते याचसाठी.

याच्याच पोटातला दुसरा गैरसमज म्हणजे भारी कूलर लावला की खोली कमी तापेल. प्रोसेसरने १५० वॅट खाल्ले तर १५० वॅटची उष्णता खोलीत येणारच, कूलर हजाराचा असो की दहा हजारांचा. उलट आजचे बरेच प्रोसेसर थंड राहिले की आणखी वरच्या क्लॉकवर जातात आणि थोडी जास्तच वीज ओढतात. खोली तापू द्यायची नसेल तर बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरची वीजमर्यादा खाली आणावी. वेग थोडा कमी होतो, उष्णता त्या मानाने बरीच कमी होते, आणि याला पैसे पडत नाहीत.

‘६५ वॅटचा प्रोसेसर आहे, छोटा कूलर पुरे’ हा हिशेब तर सर्रास केला जातो. पण खोक्यावरचा तो आकडा कमाल विजेचा नसतो. इंटेलने बाराव्या पिढीपासून, म्हणजे २०२१पासून, बेस आणि टर्बो असे दोन आकडे वेगळे द्यायला सुरुवात केली. कोअर आय५-१२४०० बेसला ६५ वॅटचा, टर्बोत ११७ वॅटचा. आय९-१४९००के बेसला १२५, कमाल २५३. एएमडीच्या एएम५ सॉकेटवाल्या प्रोसेसरांत खोक्यावरच्या आकड्याच्या, म्हणजे टीडीपीच्या, साधारण १.३५ पट वीज सॉकेटमधून जाऊ दिली जाते. म्हणून रायझन ५ ७६००चे ६५ प्रत्यक्षात ८८ होतात आणि १७० वॅटवाल्यांचे २३०. कूलर निवडताना हा दुसरा आकडा धरायचा. कूलरच्या खोक्यावर ‘२२० वॅट’ असं ठळक छापलेलं असतं, त्यावर मात्र फार विसंबू नये. प्रत्येक कंपनी ते आपापल्या पद्धतीने ठरवते, त्यामुळे एकीचे २२० आणि दुसरीचे २२० सारखे नसतात.

याचा अर्थ बॉक्समधला कूलर टाकाऊ असाही नाही. टॅली, ब्राउझर, मुलांचा अभ्यास, थोडंफार गेमिंग एवढंच असेल तर १२४००सोबत आलेला इंटेलचा किंवा ७६००सोबत आलेला एएमडीचा कूलर खुशाल वापरावा. उन्हाळ्यात तो कुरकुर करेल, आवाज जाणवेल, पण काम अडणार नाही. दिवसभर व्हिडिओ रेंडर करणाऱ्याने मात्र चार हीटपाइपचा, १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर घ्यावा. माझ्या मते मधल्या फळीतल्या प्रोसेसरसाठी याच्या पलीकडे जायची गरज क्वचितच पडते. इंटेलच्या ‘के’वाल्या प्रोसेसरांसोबत कूलर येतच नाही, तो खर्च बजेटमध्ये आधीच धरावा.

९० अंश दिसले की घाबरगुंडी उडते, तेही समजून घेण्यासारखं आहे. १४९००केची मर्यादा १०० अंश, रायझन ७०००च्या बहुतेक प्रोसेसरांची ९५. ‘एक्स’वाले रायझन ७००० जड कामात ९५ गाठतील अशाच बेताने बनवलेले आहेत, असं एएमडीने स्वतःच सांगितलं होतं. मर्यादा आली की प्रोसेसर आपला वेग उतरवतो, जळत नाही. तेव्हा नुसत्या अंशांकडे न पाहता त्यांच्यासोबत क्लॉक किती राहतो ते पाहावं. सिनेबेंच ही लोड देणारी चाचणी दहा मिनिटं चालवायची, शेजारी तापमान आणि क्लॉक दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो उघडा ठेवायचा. क्लॉक शेवटपर्यंत टिकला तर चिंता नको. नुसता डेस्कटॉप उघडा असताना ९० दिसले तर मात्र बसवण्यातच काहीतरी चुकलंय.

लिक्विड कूलरबद्दल मोठा दबदबा आहे. शेवटी त्याची उष्णताही रेडिएटरच्या पत्र्यांवरून पंखाच हवेत ढकलतो. पाणी फक्त ती उष्णता कॅबिनेटच्या कडेपर्यंत वाहून नेतं. गंमत म्हणजे एअर कूलरच्या पोटातही पाणी असतं. हीटपाइप ही भरीव तांब्याची दांडी नव्हे. आतून पोकळ, हवा काढून घेतलेली, किंचित पाणी घालून बंद केलेली ती नळी असते. आतला दाब अगदी कमी, म्हणून पाण्याची वाफ कमी तापमानालाच होते. प्रोसेसरकडच्या टोकाला वाफ, पत्र्यांकडच्या टोकाला पुन्हा पाणी, आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून ते पाणी झिरपत परत येतं. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३मध्ये अशी नळी बनवून दाखवली होती. यात पंप नाही, झिजणारं काही नाही. लिक्विडमध्ये पंप असतो, तो कधीतरी थांबतो, आणि रबरी नळ्यांमधून वर्षानुवर्षं थोडं थोडं पाणी उडूनही जातं. एअर कूलरचा फार तर पंखा जाईल, तो बाजारात सुटा मिळतो. अडीचशे वॅट सतत ओढणाऱ्या प्रोसेसरला मोठा रेडिएटर खरोखर उपयोगी पडतो, हे मान्य. पण ८८ वॅटच्या प्रोसेसरवर लिक्विड लावणं ही हौस, गरज नव्हे. ती हौस असेल तर जरूर करावी.

विकत घेण्याआधी तीन मापं बघून घ्यायची. पहिलं, उंची. टॉवर कूलर बहुधा १५० ते १६५ मिलिमीटर उंच असतात (नॉक्टुआचा एनएच-डी१५ तर थेट १६५), आणि कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कूलरची कमाल उंची दिलेली असते. कॅबिनेटच्या बाजूची काच लागत नाही म्हणून हीटपाइप वाकवणारे कारागीर आहेत. वाकवलेल्या नळीचं आतलं अस्तर चेपलं की ती नळी कामातून गेली. दुसरं, रॅम. लायटिंगवाली उंच रॅम पुढच्या पंख्याखाली मावत नाही. मग पंखा वर सरकवायचा, आणि पहिलं माप पुन्हा चुकतं. तिसरं, सॉकेट. एलजीए १७००ची भोकं ७८ मिलिमीटर अंतरावर आहेत, त्याआधीच्या इंटेल सॉकेटांची ७५वर, म्हणून जुन्या कूलरला नवं ब्रॅकेट लागतं. २०२४च्या एलजीए १८५१ने ७८च कायम ठेवलं. एएम४कडून एएम५कडे जाताना भोकं तीच आहेत, पण मागची प्लेट आता काढता येत नाही. एएमडीच्या त्या मूळ प्लेटवर बसणारा कूलर चालतो. स्वतःची प्लेट आणणाऱ्याला वेगळा संच लागतो.

आता बसवणं. इथे सगळ्यात महागडी चूक सगळ्यात बारीक आहे. कूलरच्या तळाला पारदर्शक प्लॅस्टिकची फिल्म चिकटवलेली असते, तिच्यावर काढून टाकण्याची सूचनाही असते, आणि तरीही ती तशीच ठेवून स्क्रू आवळले जातात. सगळं नीट दिसतं, पंखा फिरतो, आणि तापमान मात्र थेट शंभरीकडे.

पेस्टबद्दल जितकी तोंडं तितकी मतं. पेस्ट तांब्यापेक्षा चांगली वाहक असते म्हणून जाड थर द्यावा, हे तर साफ चूक. तांब्याची उष्णतावाहकता ४००च्या घरात, चांगल्या पेस्टचीही दहाच्या आसपास. पण दोन धातूंच्या पृष्ठभागांमधल्या बारीक खाचखळग्यांत हवा असते आणि तिची वाहकता ०.०२६. पेस्ट त्या हवेची जागा घेते, धातूची नव्हे. मधोमध वाटाण्याएवढा ठिपका पुरतो. प्रोसेसर मोठा असेल तर फुलीच्या आकारात पातळ रेघा. बोटाने फासायला जाऊ नये, दाबाने ती आपोआप पसरते. किंचित जास्त झाली तर कडेने बाहेर येते, पुसून टाकावी. नेहमीच्या पेस्टमधून वीज वाहत नाही. लिक्विड मेटलमधून मात्र वाहते, आणि त्यातलं गॅलियम अॅल्युमिनियम खातं, म्हणून नवख्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. कूलरला आधीच करडी पेस्ट लावलेली असेल तर वर आणखी लावायची नाही. आणि दर दिवाळीला पेस्ट बदलण्याचा नेम कुणी लावून दिला, कोण जाणे. तापमान वाढलं नसेल तर ती बरीच वर्षं हलवायची गरज नाही.

इंटेलच्या बॉक्समधल्या कूलरला चार कोपऱ्यांवर प्लॅस्टिकच्या दाबपिना असतात. डोक्यावर बाण कोरलेला असतो, तो पीन सोडवायला कुठे फिरवायचं ते दाखवतो, आवळायला नव्हे. बसवण्याआधी चारही डोकी बाणाच्या उलट दिशेला फिरवून घ्यायची. मग समोरासमोरचे दोन कोपरे एकदम अंगठ्याने सरळ खाली दाबायचे. ‘टक’ असा आवाज येतो. उरलेले दोनही तसेच. मग मदरबोर्ड उलटा करून चारही भोकांतून पिनांची टोकं पूर्ण बाहेर आलीत का ते पाहायचं. एक जरी अर्धवट राहिली तर कूलर त्या कोपऱ्यावर उचललेला राहतो. स्क्रूचा कूलर असेल तर एक स्क्रू पूर्ण पिळून मग दुसरा घ्यायचा नाही; तिरक्या जोड्यांनी दोन-दोन वळसे देत जायचं आणि स्क्रू स्वतःहून अडला की थांबायचं. जास्त आवळल्याने तापमान उतरत नाही, बोर्ड मात्र वाकतो.

पंख्याची हवा, ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या आडव्या पट्ट्या असतात, त्या बाजूने बाहेर पडते. ती कॅबिनेटच्या मागच्या पंख्याकडे असावी. वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या चार पिनांच्या हेडरमध्येच लावावी, नाहीतर चालू करताच बहुतेक बोर्ड तक्रार करतात.

कॅबिनेटचं झाकण काढून समोर टेबल फॅन लावायची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. ती निदान म्हणून उत्तम आहे: झाकण काढल्यावर आठ-दहा अंश उतरले तर दोष कूलरचा नाही, कॅबिनेटला श्वास नाही. पुढे हवा आत घेणारा एक पंखा लावा, झाकण परत बसवा. कायम उघडं ठेवलं तर धूळ पत्र्यांत बसते आणि मिळवलेले अंश परत जातात. विदर्भातला नेहमीचा प्रश्न म्हणजे खोलीत डेझर्ट कूलर चालवला तर ओल्या हवेने मशिन खराब होईल का. चालू प्रोसेसर खोलीतल्या हवेपेक्षा गरम असतो, त्यामुळे त्याच्यावर दव धरत नाही, आणि खोलीच सहा-सात अंशांनी उतरली तर मशिनही तितकंच उतरतं. फक्त तुषार थेट कॅबिनेटवर येतील असं त्याला ठेवू नये.

मशिन गावाला न्यायचं असेल तर जड टॉवर आधी उतरवून घ्यावा. एनएच-डी१५चं वजन पंख्यांसह १.३ किलो आहे, आणि ट्रॅव्हल्सच्या डिकीतले धक्के तो मदरबोर्डाच्या चार भोकांवर झेलतो. उतरवताना एएम४ असेल तर विशेष जपावं. तिथे पिना प्रोसेसरला असतात आणि सॉकेटची पकड सैल असते, त्यामुळे कूलर सरळ वर ओढला की घट्ट झालेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरही पिनांसकट वर येतो. दहा मिनिटं मशिनवर जड काम चालवून पेस्ट मऊ होऊ द्यावी, मशिन बंद करून प्लग काढावा, आणि कूलर डावीकडे-उजवीकडे हलकेच पिळून सुटला की मगच उचलावा. एएम५ आणि इंटेलवर प्रोसेसर धातूच्या चौकटीत दाबलेला असतो, तो असा निघून येत नाही. तिथे पिना मदरबोर्डवर आहेत, म्हणून प्रोसेसर काढला असेल तर सॉकेटवरचं प्लॅस्टिकचं झाकण लगेच लावून ठेवावं.