बिरड्याचा सण : बेने इस्राएलांच्या पंचांगातली मराठी नावे

"ती नावं आता कोणी घेत नाही हो," आजी जरा ओशाळून म्हणाल्या. "आमच्या आईच्या तोंडी होती. आता आम्हाला खरी नावं ठाऊक झालीत."

मी त्यांना 'दारफाळणीचा सण' म्हणजे काय, असे विचारले होते. अलिबागजवळच्या एका गावातले हे बेने इस्राएली घर. मुले इस्राएलला गेलेली, ओटीवर आजी एकट्या. त्यांच्या बोलण्यातले 'खरी नावं' हे शब्द मला खटकले. हा लेख त्या खटकण्यातून निघाला आहे.

मी चंद्रपूरचा. तिथून कोकण म्हणजे महाराष्ट्राचे दुसरे टोक. माझी वहिवाट भामरागड-एटापल्लीच्या माडिया गावांतली. तिथे सणाला पंडुम म्हणतात आणि बरेचसे पंडुम त्या-त्या वेळी हाती येणाऱ्या वस्तूवरून ओळखले जातात. मरका म्हणजे आंबा, म्हणून मरका पंडुम. पेरणीआधी बियाण्याचा तो बीज पंडुम. पंडुम झाल्याशिवाय नवा आंबा तोंडात घालायचा नाही. या समाजाकडे लिखित धर्मग्रंथ नाही. वर्षाचा हिशेब झाडे, पीक आणि चंद्र यांच्यावर चालतो, आणि सणाचे नाव हीच त्याची नोंदवही. त्यामुळे बेने इस्राएलांच्या जुन्या सणांची यादी पहिल्यांदा वाचली, तेव्हा मला ती परकी वाटलीच नाही. खिरीचा सण, बिरड्याचा सण, शिळा सण!

बेने इस्राएल म्हणजे इस्राएलची लेकरे. त्यांची परंपरा सांगते की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना जिथे पुरले, ती जागा नवगावला आजही दाखवतात. ग्रंथ, पोथ्या, सगळे समुद्रात गेले. वाचलेल्यांनी तेलाचा घाणा धरला. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. गावांवरून आडनावे पडली : पेणकर, रोहेकर, दिवेकर, चेऊलकर, केहीमकर, नवगावकर. ही दंतकथा इतिहासाच्या कसोटीला किती उतरते, हा वाद जुना आहे आणि मला त्यात शिरायचे नाही. त्यांच्यापाशी काय उरले होते, हे मात्र निश्चित सांगता येते. शनिवारची सुट्टी, आठव्या दिवशीची सुंता, खवले आणि पर असलेलेच मासे खाणे, आणि 'शेमा' ही एकच हिब्रू प्रार्थना. जन्म, लग्न, मरण, कुठल्याही प्रसंगी तीच म्हणायची.

याखेरीज त्यांच्याकडे सण होते, आणि त्यांची नावे मराठी होती. हाइम सॅम्युएल केहीमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समाजाचा इतिहास लिहिला (तो छापला गेला १९३७ साली), त्यात ही नावे नोंदलेली आहेत. नव्याचा सण म्हणजे रोश हशाना, वर्षाचा पहिला दिवस. त्यानंतर चारच दिवसांत खिरीचा सण. नव्या धान्याची गोड खीर करायची, धूप जाळायचा, शेमा म्हणायचा. सुक्कोथ हा सुगीचा मांडवसण विसरला गेला, त्याचीच ही खूण असावी, असे काही अभ्यासक मानतात. दहाव्या दिवशी दारफाळणीचा सण, म्हणजे योम किप्पूर. पांढरे कपडे, कडक उपास, घराची दारे बंद. बाहेरच्या कोणाशी बोलणे नाही की शिवणे नाही. दुसऱ्या दिवशी दारे उघडायची, गरिबांना दानधर्म करायचा, आप्तांकडे जायचे. हा शिळा सण.

फाल्गुनात पुरीम येई, त्याला होळीचा सण म्हणत. घरात पुरणपोळी होई. वल्हांडणाचे, म्हणजे पेसाहचे, नाव तर अगदी स्वयंपाकघरातले आहे : अनाशी ढाकाचा सण. अनास हे आंबट कालवणाचे मडके. या दिवसांत खमीर वर्ज्य, म्हणून आंबवणाचे मडके झाकून ठेवायचे. का झाकायचे, याची मिसरमधून सुटकेची कथा विस्मरणात गेली होती, पण मडके झाकले जात होते. आणि अव्ह महिन्याच्या नवमीला, यरुशलेमचे मंदिर पडले त्या दिवशी, उपास सोडताना मोड आलेल्या वालांचे बिरडे : बिरड्याचा सण. पावसाळ्यात कोकणातल्या कुठल्याही घरी होणारी ही उसळ. मंदिराचे नाव गेले, बिरडे राहिले.

हे सण आपल्या सणांच्या शेजारी पडतात, हा योगायोग नाही. हिब्रू महिने चांद्र आहेत आणि एकोणीस वर्षांत सात अधिक महिने धरून ते ऋतूंशी जुळवतात. आपल्या पंचांगाचीही रीत जवळजवळ हीच. तिश्री महिना साधारण आश्विनाबरोबर येतो. २०२५ साली दसरा आणि योम किप्पूर दोन्ही २ ऑक्टोबरला होते. पुरीम फाल्गुनी पौर्णिमेच्या आसपास. मग शेजाऱ्याच्या दारी होळी पेटली असताना या सणाला होळीचा सण म्हणणे हे अज्ञान नव्हे. ती कालगणना आहे.

ग्रंथ परत आला तो टप्प्याटप्प्याने. पहिले नाव दाविद राहाबीचे. कोणी त्याला हजार वर्षांमागे नेतात, कोणी अठराव्या शतकात आणतात. त्याने म्हणे बायकांपुढे मासे टाकले, त्यांनी खवल्यांचे तेवढे निवडले, आणि हे आपले लोक, अशी त्याची खात्री पटली. मला ही गोष्ट फार आवडते, कारण यात परीक्षा बायकांची आणि विषय स्वयंपाक. राहाबीने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांतल्या माणसांना शिकवले. त्यांना लोक काजी म्हणू लागले. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत पहिले सिनगॉग बांधले. लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणत, आणि मशीद स्टेशनचे नाव त्यावरूनच पडल्याचे सांगतात. पुढे कोचीनचे शिक्षक आले, मिशनरी आले. जॉन विल्सनने १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण काढले. जोसेफ एझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. पुण्यात १८७४ साली वल्हांडणाची पोथी मराठी भाषांतरासह निघाली, तिच्या चित्रात बिनखमिराच्या भाकरी करणाऱ्या बायका लुगडे नेसलेल्या आहेत. १८८० च्या सुमारास मुंबईत बेने इस्राएली कीर्तनेही सुरू झाली. योसेफाचे, मोशेचे आख्यान, आणि त्यात साक्या नि दिंड्या.

ग्रंथ आला आणि जुनी नावे मागे पडली. हे स्वाभाविकच होते. पण मागे पडणे वेगळे आणि लाज वाटणे वेगळे. १९४८ नंतर मोठ्या संख्येने हे लोक इस्राएलला गेले, तेव्हा तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या लग्नांच्या वेळी वंशाची चौकशी लावली. धरणी धरली गेली, उपोषणे झाली, आणि १९६४ साली त्या देशाच्या संसदेला त्यांचे पूर्ण यहुदीपण मान्य करणारा ठराव करावा लागला. ज्यांच्याकडे असा पुरावा मागितला गेला, ते 'होळीचा सण' हे नाव मोठ्याने कसे घेतील?

गंमत अशी की ग्रंथात नसलेली एक गोष्ट मात्र कुठेच गेली नाही. ती म्हणजे मलिदा. शब्द फारसी, अर्थ 'चोळलेले, मळलेले'. मुसलमान शेजाऱ्यांकडेही तो आहे. मोठ्या ताटात भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर किंवा गूळ, वेलची, सुकामेवा. भोवती फळे, वर सुवासिक पाने किंवा फुले. झाडाचे फळ, भुईचे फळ, सुगंध, प्रत्येकासाठी वेगळा हिब्रू आशीर्वाद, आणि एलियाहू हनाबीचे, म्हणजे एलिया संदेष्ट्याचे, गाणे. लग्न, सुंता, नवे घर, फेडलेला नवस, लांबचा प्रवास, सगळ्याला मलिदा. अलिबागजवळ खंडाळा गावी एका खडकावर एलियाहूच्या रथाची खूण दाखवतात. शेवात महिन्याच्या पौर्णिमेला, म्हणजे यहुद्यांच्या झाडांच्या नववर्षाला, तिथे लोक नवस फेडायला येतात. इस्राएलमधले बेने इस्राएल हैफाला एलियाच्या गुहेपाशी जाऊन मलिदा करतात. तिकडे नारळ फोडतानाही बोलणे मराठीतच होत असेल.

मी आजींना मरका पंडुमाविषयी सांगितले. पूजा होईपर्यंत आंबा खायचा नाही, हे ऐकून त्या हसल्या. "आमच्याकडे पण असंच. खिरीचा सण झाल्याशिवाय आई नवे तांदूळ काढायची नाही." मग थोडा वेळ गप्प राहून त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. नव्याचा, खिरीचा, दारफाळणीचा, शिळा... होळीच्या बोटापाशी अडल्या, कपाळाला हात लावला, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागल्या. मी वही काढली.