प्लस की मायनस?

कोरी डीव्हीडी ट्यूबलाइटखाली तिरकी धरली की खालची बाजू जांभळट झळकते. तो रंग सेंद्रिय रंगद्रव्याच्या पातळ थराचा. विकतच्या सिनेमाच्या डीव्हीडीत खळगे कारखान्यातच साच्याने उमटवलेले असतात. घरच्या तबकडीत मात्र 650 नॅनोमीटरच्या लाल लेसरने हा थर जागोजागी तापवून खुणा करायच्या असतात. लिहिणं आतल्या कड्यापासून बाहेर सरकतं आणि लिहिलेल्या भागाची छटा किंचित बदलते. तबकडी कुठवर भरली ते नुसत्या डोळ्यांना कळतं.

आमच्या हौशी नाट्यमंडळाच्या व्हीएचएस कॅसेटी, म्हणजे मुख्यतः राज्य नाट्यस्पर्धेतले प्रयोग, डीव्हीडीवर उतरवायचं काम माझ्याकडे आहे. त्यातली काही माणसं आता नाहीत. त्यांचे आवाज या फितींवरच उरलेत, म्हणून रायटर आणि तबकड्या निवडताना मी फार चिकित्सा करतो.

रायटरच्या खोक्यावर सर्वात ठळक छापलेला असतो तो वेग. निवडताना तोच सर्वात कमी कामाचा. 16 एक्स हा वेग फक्त तबकडीच्या बाहेरच्या काठाशी मिळतो. आतल्या बाजूला सुरुवात त्याच्या निम्म्याहूनही कमी वेगाने होते. त्यामुळे पूर्ण तबकडी 8 एक्सने लिहायला साधारण आठ मिनिटं लागत असतील, तर 16 एक्सने दोन-तीन मिनिटंच वाचतात. दोन तासांचं नाटक कॅसेटवरून संगणकात घ्यायला तसेही दोन तास जातातच.

प्लस-मायनसचं भांडण रायटरपुरतं कधीच मिटलंय. 1997मध्ये पायोनियरने डीव्हीडी-आर आणली. पुढे फिलिप्स, सोनी, एचपी वगैरेंच्या गटाने 2002मध्ये डीव्हीडी+आर बाजारात उतरवली. त्याच वर्षी सोनीचा दोन्ही लिहिणारा रायटर आला, आणि मग सगळेच तसे येऊ लागले. प्रश्न उरतो तो समोरच्या प्लेअरचा. मंडळातल्या ज्येष्ठांकडे टीव्हीखाली अजून जुने प्लेअर आहेत. ते मायनस सहसा मुकाट्याने वाचतात, प्लसवर कधी अडतात. काही रायटर प्लस तबकडीवर ‘मी छापील डीव्हीडी आहे’ अशी ओळख लिहू शकतात, मग असा प्लेअरही ती बहुधा स्वीकारतो. ही सोय असलेला रायटर दिसला तर घ्यावा. पुनर्लेखनाची आरडब्ल्यू तबकडी प्रकाश कमी परावर्तित करते, म्हणून ती मी मेनू तपासण्यापुरतीच वापरतो. साडेआठ जीबीच्या दुहेरी थराच्या वाटेला जात नाही. नाटकाला मध्यंतर असतोच. तिथे तोडून दोन साध्या तबकड्या करतो.

पण खरी निवड याच्या पुढची आहे. डब्यावरचं नाव तबकडी बनवणाऱ्याचं असेलच असं नाही. बनवणाऱ्याची खूण तबकडीतच कोरलेली असते, तिला मीडिया कोड म्हणतात. फुकट मिळणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये तो दिसतो: एमसीसी म्हणजे मित्सुबिशी केमिकल, टीवायजी म्हणजे ताइयो युदेन, एमबीआय म्हणजे आपल्या ग्रेटर नोएडाची मोझर बेअर. तबकडी आत गेली की रायटर हा कोड वाचतो आणि आपल्या फर्मवेअरमधल्या यादीत शोधतो. या रंगद्रव्यावर लेसर किती ताकदीने, किती क्षण रोखायचा, ते त्या यादीत असतं. कोड सापडला नाही तर रायटर सरसकट अंदाजाने लिहितो. म्हणूनच एकाच डब्यातल्या तबकड्या एका रायटरवर सुरेख उतरतात आणि दुसऱ्यावर जेमतेम. रायटर आणि तबकडी यांची जोडीच निवडावी लागते. तबकडी नवी आणि रायटर जुना असेल तर आधी फर्मवेअर अद्ययावत करावं.

लिहून झाल्यावर पहिला प्रवेश बघून समाधान मानू नये. दोष बहुधा बाहेरच्या काठाशी साठतात, म्हणजे शेवटच्या अंकात. काही रायटर, विशेषतः लाइट-ऑनचे, वाचताना दुरुस्त कराव्या लागलेल्या चुकांची मोजणी दाखवतात. पीआय या मोजणीची मान्य मर्यादा 280 आहे, पण मी आलेखाची चाल जास्त पाहतो. रेघ शेवटाकडे चढू लागली की ती तबकडी बाद. काठ मोकळा राहावा म्हणून पूर्ण भरतही नाही: खोक्यावरचे 4.7 जीबी संगणकाच्या हिशेबात सुमारे 4.38 भरतात, मी चारच्या आसपास थांबतो. व्हीएचएसच्या चित्रात मुळात तपशील मर्यादित, त्यामुळे त्यात काही हरवत नाही.

वर कागदी स्टिकर लावू नये, तबकडीचा तोल जातो. नाटकाचं नाव आणि प्रयोगाची तारीख मी मऊ टोकाच्या मार्करने मधल्या कड्यावर लिहितो.

ताइयो युदेनने 2015च्या अखेरीस हे उत्पादन थांबवलं, मोझर बेअर 2018मध्ये अवसायनात गेली. त्यामुळे लॅमिंग्टन रोडवर असो वा पुण्यात, जुन्या साठ्यातला डबा मिळाला तर मी आधी एकच तबकडी लिहून तिचा आलेख काढतो, मग उरलेल्यांना हात लावतो. प्रत्येक नाटकाच्या दोन प्रती होतात, दोन वेगळ्या कोडांच्या तबकड्यांवर, आणि मूळ फाइल हार्ड डिस्कवर वेगळी राहते.