बारावीनंतरच्या वाटा : लेखांक ६ – गृहराज्याचा प्रश्न

उच्च शिक्षणाच्या प्रवेशात गुणांइतकाच निर्णायक ठरणारा घटक म्हणजे विद्यार्थ्याचे गृहराज्य, अर्थात ज्या राज्याचा उमेदवार म्हणून त्याचा अर्ज विचारात घेतला जातो ते राज्य. आणि जाम नदीच्या दोन काठांवर वसलेल्या पांढुर्णा-सावरगावात, तसेच सौंसरच्या मराठी भाषक पट्ट्यात, या घटकाने जेवढा गुंता केला आहे तेवढा फार थोड्या ठिकाणी आढळेल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला आणि त्यातूनच २०२३ मध्ये पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. पुनर्रचनेपासून इथल्या कुटुंबांची सोयरीक आणि मोठा दवाखाना नागपूरकडे, तर शाळेचे मंडळ, जातीचा दाखला आणि शिष्यवृत्ती भोपाळकडे, अशी स्थिती आहे.

राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांचे उदाहरण घेतल्यास हा प्रश्न लगेच लक्षात येतो. या संस्थांतील निम्म्या जागा त्या त्या राज्यातील विद्यार्थ्यांसाठी राखलेल्या असतात, मात्र विद्यार्थी कोणत्या राज्याचा हे जन्मावरून किंवा मातृभाषेवरून न ठरता त्याने बारावीची परीक्षा कोणत्या राज्यातून उत्तीर्ण केली यावरून ठरते. सावरगावातून बारावी झालेल्या मुलीला म्हणूनच शंभरेक किलोमीटरवरच्या नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेत परराज्यातील उमेदवार म्हणून अर्ज करावा लागतो आणि जवळजवळ तिप्पट अंतरावरची भोपाळची मौलाना आझाद संस्था तिच्या गृहराज्याची ठरते.

दहावीचा निकाल लागला की मुलाला क्लाससाठी नागपूरला ठेवायचे आणि अकरावी-बारावीही तिथल्याच कनिष्ठ महाविद्यालयातून करायची, हा अनेक पालकांना सरळ वाटणारा मार्ग सर्वाधिक विचार करून धरण्याचा आहे. त्याने राष्ट्रीय संस्थांपुरते गृहराज्य महाराष्ट्र होते हे खरे. परंतु महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशात राज्याच्या जागांसाठी सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेल्या असाव्या लागतात आणि शिवाय जन्म महाराष्ट्रातला किंवा अधिवास प्रमाणपत्र, म्हणजे राज्यातील दीर्घ वास्तव्याचा सरकारी दाखला, आवश्यक असतो. हा दाखला साधारणतः १५ वर्षांच्या वास्तव्यावर मिळतो. आईचे किंवा वडिलांचे अधिवास प्रमाणपत्र असेल तर वेगळी सवलत आहे, पण आईचे माहेर काटोल किंवा नरखेडचे असणे म्हणजे अधिवास नव्हे. अशा विद्यार्थ्यापुढे मग मुख्यतः अखिल भारतीय जागा, म्हणजे सुमारे १५ टक्के जागा, उरतात. दुसरीकडे मध्य प्रदेशची मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना, जी २०१७ पासून पात्र मूलनिवासी विद्यार्थ्यांचे शिक्षणशुल्क भरते, ती भोपाळच्या मंडळाच्या बारावीत किमान ७० टक्के किंवा केंद्रीय मंडळाच्या बारावीत ८५ टक्के गुणांची अट घालते आणि महाराष्ट्राच्या मंडळाचा तिच्यात समावेश नाही. महाराष्ट्राच्या जागा मिळत नाहीत आणि मध्य प्रदेशचे शुल्कसाहाय्यही जाते, अशी ही दुहेरी हानी सोळाव्या वर्षी घेतलेल्या एका निर्णयाने होते, आणि ती टाळता येण्याजोगी आहे म्हणूनच अधिक क्लेशकारक आहे.

महाराष्ट्राच्या नियमांत सीमाभागातील मराठी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र प्रकार आहे, परंतु तो कर्नाटकातील ८६५ गावांपुरता आहे, कारण त्याचा आधार भाषेबरोबरच २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला सीमावाद हाही आहे. ज्या मराठी भाषकांच्या गावांवर महाराष्ट्राने दावा लावून धरलेला नाही, त्यांच्या मुलांची शैक्षणिक अडचण मात्र तीच राहते. या अडचणीचा विचार दाव्यापासून वेगळा करून व्हायला हवा.

आरक्षणाबाबतही सीमा आडवी येते. अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यनिहाय असतात आणि मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेशावरून उद्भवलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये स्पष्ट केले की एका राज्यातील हा दर्जा स्थलांतराबरोबर दुसऱ्या राज्यात नेता येत नाही. पांढुर्ण्याच्या गोंड विद्यार्थ्याला त्यामुळे महाराष्ट्राच्या राज्य कोट्यात राखीव जागा मागता येत नाही, जरी गोंड जमात दोन्ही राज्यांच्या याद्यांत असली तरी. केंद्रीय विद्यापीठांत आणि राष्ट्रीय संस्थांत मात्र त्याचा मध्य प्रदेशातील दाखला चालतो.

वैद्यकीय प्रवेशात शासकीय महाविद्यालयांच्या ८५ टक्के जागा राज्याच्या असल्याने इथल्या विद्यार्थ्याचा पहिला आधार मध्य प्रदेशचीच महाविद्यालये आहेत, आणि त्यांत २०१९ मध्ये सुरू झालेले छिंदवाड्याचे महाविद्यालय जवळचे आहे.

कला, वाणिज्य आणि विज्ञानाच्या साध्या पदव्यांमध्ये सीमा सर्वांत विरळ आहे. मध्य प्रदेशात ई-प्रवेश या सरकारी संकेतस्थळावरून छिंदवाड्याच्या राजा शंकर शाह विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत अर्ज करता येतो. आणि १९२३ मध्ये स्थापन झालेले नागपूर विद्यापीठ, जे मुळात छिंदवाड्यासह संपूर्ण मध्यप्रांताचे विद्यापीठ होते, आजही या विद्यार्थ्यांना खुले आहे. तिथे जाण्यासाठी मूळ मंडळाकडून स्थलांतर प्रमाणपत्र, ज्याला सर्वत्र मायग्रेशन म्हटले जाते, आणि विद्यापीठाकडून पात्रता प्रमाणपत्र घ्यावे लागते. पात्रता मिळेपर्यंत प्रवेश तात्पुरता राहत असल्याने मायग्रेशनचा अर्ज गुणपत्रिका हाती येताच केलेला बरा.