आई म्हणजे गर्दी नव्हे

सायंकाळी भेटीची वेळ संपली की रुग्णालयाच्या बालकक्षात घंटा वाजते आणि पाठोपाठ मावशींची हाक येते, ‘एका पेशंटमागे एकच माणूस थांबा, बाकीची गर्दी बाहेर!’ नातेवाईक पिशव्या, डबे उचलून निघतात. जे एक माणूस मागे राहते ते बहुधा आई असते. रात्रभर ती खाटेच्या कडेला अर्धवट टेकून बसते किंवा खाटेखाली चटई पसरून आडवी होते. मुलाला पाणी पाजणे, अंग पुसणे, सलाईनचा हात हलू न देणे, औषधासाठी खाली धावत जाणे ही सर्व कामे तिची. तथापि रुग्णालयाच्या कोणत्याही नोंदवहीत तिचे नाव नसते. घंटेच्या हिशेबी तीही गर्दीच असते. फक्त हाकलून न दिलेली.

गेल्या पावसाळ्यात नातवाला न्यूमोनिया झाला, तेव्हा एका जिल्हा रुग्णालयात सहा रात्री काढण्याचा प्रसंग माझ्यावर आला. शेजारच्या खाटेवर आठ महिन्यांचे एक बाळ याच दुखण्याने आले होते. त्याची आई शेतमजूर, शाळेचे तोंड न पाहिलेली. पहिल्याच रात्री पाळीवरच्या परिचारिकेने तिला भिंतीवरचे घड्याळ दाखवले. ‘हा बारीक काटा बारावरून निघून पुन्हा बारावर येईपर्यंत बाळाचं पोट किती वेळा वर येतं, ते मोजायचं. पन्नास झाले की मला हाक मार.’ बाई ओशाळली. ‘बाई, मला पन्नासपर्यंत येत नाही.’ परिचारिका क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘पेरं येतात ना मोजता? चार बोटांची बारा पेरं. चार फेरे होऊन वर दोन पेरं गेली की हाक मार.’

तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास त्या आईने हाक मारली. परिचारिका धावत आली. प्राणवायूची नळी बाळाच्या अंगाखाली दुमडली गेली होती. ती सरळ केली, डॉक्टरांना बोलावणे गेले, आणि अर्ध्या तासात बाळाचा श्वास संथ झाला. त्या रात्री त्या एकट्या परिचारिकेकडे अठ्ठावीस मुले होती. आई जागी नसती, किंवा जागी असूनही काय पाहायचे हे तिला ठाऊक नसते, तर काय झाले असते याचा विचार मी करू इच्छित नाही.

दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या बाळाचा श्वास मिनिटाला पन्नास किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचा चाळीस किंवा अधिक असणे हे जागतिक आरोग्य संघटनेने धोक्याचे चिन्ह मानले आहे. वैद्यकाच्या पुस्तकातले हे ज्ञान एका परिचारिकेने दोन मिनिटांत एका निरक्षर आईच्या बोटांवर ठेवले. बालरुग्णांची परिचर्या म्हणजे काय, हे मला त्या दोन मिनिटांत उमगले. आजारी मुलाची शुश्रूषा ही मुलाच्या शरीरापुरती नसते. त्या मुलाशी जोडलेल्या माणसालाही ती हाताशी घेते, शिकवते, धीर देते. असे असताना आपल्या रुग्णालयांच्या रचनेत या कामाला जागा का नाही, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे.

पाश्चात्त्य देशांत हा प्रश्न वेगळ्या वाटेने उभा राहिला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील बहुतेक रुग्णालयांत आईबापांना मुलापाशी थांबण्याची मुभा नव्हती. कित्येक ठिकाणी आठवड्यातून एकदोनदाच, तीही तासाभराची भेट मिळे. प्रतिजैविके येण्यापूर्वीच्या त्या काळात घटसर्पासारख्या साथींचे भय खरे होते. परंतु आणखी एक समजूत त्यामागे होती. आई आली की मूल रडते, गेली की अधिक रडते; ती न आल्यास चारदोन दिवसांत मूल ‘रुळते’, असे मानले जाई. न्यूकॅसलचे डॉक्टर जेम्स स्पेन्स यांनी १९२० नंतरच्या दशकातच आईला बाळासोबत ठेवून, परिचारिकांच्या देखरेखीखाली तिच्याच हातून शुश्रूषा करवून घेण्याचा मार्ग दाखवला होता. परंतु तो बराच काळ अपवादच राहिला.

या समजुतीला धक्का दिला तो जेम्स रॉबर्टसन या समाजकार्यकर्त्याने. १९५२ साली त्यांनी एका लहानशा शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या, अडीच वर्षांच्याही आतील एका मुलीचा चित्रपट तयार केला. त्यात आरडाओरडा फारसा नाही. शहाण्या मुलीसारखी ती रडू आवरते, आईची चौकशी करते, आणि दिवस जातील तशी आई भेटायला आली तरी तोंड फिरवू लागते. आईपासून तुटलेले लहान मूल आधी आक्रोश करते, मग हताश होते, आणि शेवटी नाते तोडल्यासारखे अलिप्त होते, असे रॉबर्टसन यांचे निरीक्षण होते. ज्याला कक्षातील मंडळी रुळणे म्हणत होती, ते आशा सोडणे होते. हा चित्रपट वैद्यकीय व्यावसायिकांपुढे दाखवला गेला, तेव्हा अनेकांनी रोष प्रकट केला. परंतु १९५९ मध्ये हॅरी प्लॅट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ब्रिटिश सरकारला स्पष्ट शिफारस केली की, आईबापांना मुलाला केव्हाही भेटू द्यावे आणि लहान मुलांसोबत आईची राहण्याची सोय करावी. शिफारस कागदावरच राहते आहे असे पाहून १९६१ मध्ये लंडनमधील काही मातांनी संघटना उभारली आणि रुग्णालयांचे दरवाजे एकेक करून उघडायला लावले.

हा इतिहास वाचून आपल्याकडील वाचक म्हणेल की, आमच्याकडे तर आई पहिल्यापासूनच खाटेशी आहे. मग आम्ही काय शिकायचे? या प्रश्नाचे उत्तर मात्र सुखद नाही. आपल्या सर्वसाधारण बालकक्षात आई असते, ती तिचा अधिकार कोणी मान्य केला म्हणून नव्हे. तिच्यावाचून कक्ष चालणारच नाही म्हणून. भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक आणि अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. प्रत्यक्षात या दंडकाची जी दशा असते, ती सरकारी रुग्णालयात एक रात्र काढलेल्या कोणालाही सांगावी लागत नाही. परिचारिकांची ही उणीव आई मुकाट्याने भरून काढते. तिला कोणी शिकवत नाही, मुलाला काय झाले आहे हे नीट सांगत नाही, तिच्या जेवणाची वा अंघोळीची विचारपूस करत नाही. आणि ज्या क्षणी मूल अत्यवस्थ होऊन अतिदक्षता विभागात किंवा नवजात शिशू कक्षात जाते, त्या क्षणी हीच आई दाराबाहेर उभी केली जाते. म्हणजे कामाची गरज असेल तेथे ती बिनपगारी मदतनीस आणि मुलाला तिची सर्वाधिक गरज असेल तेथे ती परकी! सहकारी म्हणून तिला दोन्हीकडे स्थान नाही.

तिला बाहेर ठेवण्याचे कारण जंतुसंसर्ग हे सांगितले जाते. त्याची शहानिशा आता झालेली आहे. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब देण्याची पद्धत १९७८-७९ च्या सुमारास कोलंबियातील बोगोटा येथे, पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून सुरू झाली. तिला आपण ‘कांगारू पद्धत’ म्हणून ओळखतो. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने घाना, भारत, मलावी, नायजेरिया व टांझानिया या पाच देशांतील रुग्णालयांत तिची कसून परीक्षा झाली. भारतातील केंद्र दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय हे होते. एक किलोपासून सुमारे १.८ किलोपर्यंत वजनाची ३,२११ बाळे या अभ्यासात होती. काही बाळे नेहमीप्रमाणे प्रकृती स्थिर होईपर्यंत आईपासून दूर ठेवली गेली, तर काहींना जन्मानंतर लगेच, अतिदक्षता कक्षातच, आईच्या कुशीत दिले गेले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण दूर ठेवलेल्या बाळांत १५.७ टक्के, तर कुशीतील बाळांत १२ टक्के होते. संशयित जंतुसंसर्गही कुशीतील बाळांत कमीच आढळला. आईला आत घेण्यासाठी त्या रुग्णालयांना शिशुकक्षात आईची खाट मांडावी लागली. उपचारांतील बदल तो एवढाच.

दिल्लीच्याच राममनोहर लोहिया रुग्णालयात आईबापांना हात धुणे, दूध पाजणे, धोक्याची चिन्हे ओळखणे शिकवून नवजात कक्षाच्या आत घेण्याचा प्रयोग झाला. जंतुसंसर्ग वाढला नाही, स्तनपान मात्र वाढले. या अनुभवावरून केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्ये कुटुंबाच्या सहभागाविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. तेव्हा धोरण नाही, अशी तक्रार करता येत नाही. उणीव आहे ती धोरण कक्षाच्या उंबरठ्याआत नेण्याची. आणि ते नेणार कोण, तर परिचारिका.

पण या कामाला वेळ लागतो, आणि तो कोणत्याही तक्त्यात धरलेला नसतो. सुई टोचताना मुलाला चौघांनी दाबून धरण्यास अर्धे मिनिट पुरते. त्याला आईच्या मांडीवर बसवून, तिने त्याला कवेत कसे धरावे हे सांगून, बोलते ठेवून तीच सुई टोचण्यास पाच मिनिटे लागतात. अंगावर पिणाऱ्या बाळाला सुई टोचताना स्तनपान चालू ठेवले तर वेदना कमी होते, हे प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे. त्यालाही थोडी सवड हवी. ‘काही दुखणार नाही’ असे खोटे सांगण्यापेक्षा ‘मुंगी चावल्यासारखं दुखेल, दहा आकडे मोजेपर्यंत थांबेल’ असे खरे सांगितले, तर मूल पुढच्या वेळी विश्वासाने हात पुढे करते. हे परिचारिकांना ठाऊक नसते असे नाही. अठ्ठावीस मुलांच्या रात्री ते आचरणात आणणे त्यांना शक्य नसते, एवढेच.

येथे आपल्या घरांकडेही पाहिले पाहिजे. ‘गप्प बस, नाहीतर सिस्टर सुई टोचेल,’ असे आपण घरात, दवाखान्यात, एसटीच्या थांब्यावरही सहज म्हणून जातो. ज्या बाईच्या हाती उद्या मुलाचा जीव सोपवायचा, तिचाच बागुलबुवा आपण आधी उभा करून ठेवतो, आणि मग मूल तिला पाहताच किंचाळते म्हणून तिलाच बोल लावतो.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. एका मुलामागे दहा नातलग, कक्षातच डबे उघडणे, मोठ्याने भांडणे, मूल दगावले तर डॉक्टर-परिचारिकांवर हात उगारणे, हे सर्व आपल्याकडे घडते. इतके की २०१० साली महाराष्ट्राला त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. शिस्त हवी, यात वाद नाही. परंतु ज्या आईबापांना दिवसातून एकदा तरी कोणी खाली बसून मुलाची स्थिती समजावून सांगितली आहे, त्यांच्या मनात संशय साठत नाही. दाराबाहेर ताटकळलेल्या माणसाचे भय मात्र सहज संतापात बदलते.

मग करावे काय? मार्ग नव्याने शोधण्याचे कारण नाही. तीव्र कुपोषित मुलांसाठीच्या पोषण पुनर्वसन केंद्रांत शासनाने एक तत्त्व मान्य केलेले आहे. तेथे आईला मुलासोबत राहता येते, तिला जेवण मिळते, बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळते, आणि घरी गेल्यावर मुलाला काय व कसे भरवावे हे शिकवले जाते. आई हा उपचाराचा भाग आहे, असेच याचा अर्थ होत नाही काय? कुपोषणात जे खरे, ते न्यूमोनियात, भाजण्यात, रक्ताच्या आजारात खोटे कसे ठरेल? केंद्र सरकारच्या सेवेतील स्त्रीला २००८ पासून संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते आणि मुलाच्या आजारपणात ती वापरता येते. रोजंदारीवरील आईचे मूल आजारी पडले, तर त्याचा खर्च मात्र तिच्या चुलीतून जातो. म्हणूनच पुष्कळदा ती डॉक्टरांचे न ऐकता चौथ्या दिवशीच मुलाला घरी घेऊन जाते, आणि आपण तिला अडाणी ठरवून मोकळे होतो.

प्रत्येक सरकारी बालकक्षात आईसाठी एक खाट वा निदान आडवे होता येईल असे बाक, दोन वेळचे जेवण, अंघोळीची जागा, आणि मजूर आईला बुडालेल्या रोजाची भरपाई एवढे देणे अशक्य नाही. बापालाही पाळीने आत थांबू द्यावे. मूल दोघांचे असते. आणि सर्वांत आधी परिचारिकांची रिक्त पदे भरावीत. अन्यथा ‘कुटुंबाचा सहभाग’ हे गोंडस नाव घेऊन आईवर आणखी कामे लादली जातील, आणि मूळ उणीव झाकली जाईल. आईला शिकवणारी परिचारिका हवी; परिचारिकेच्या जागी आई नको.

घरी निघण्याच्या दिवशी शेजारच्या त्या आईने बाळाला पाठीशी बांधले. कागदावर लिहिलेल्या सूचना तिला वाचता येत नव्हत्या. परंतु जाण्यापूर्वी तिने परिचारिकेपुढे उजव्या हाताची बोटे धरली आणि अंगठा पेरांवरून फिरवून दाखवला. परिचारिकेने मान डोलावली. घंटा वाजली की गर्दी म्हणून मोजल्या जाणाऱ्या बायांपैकीच ती एक होती. तिला जे शिकवले गेले, ते प्रत्येक आईला शिकवले जावे, आणि ते एखाद्या भल्या परिचारिकेच्या मर्जीवर न राहता रुग्णालयाच्या रीतीत यावे, एवढीच मागणी आहे.